भरपूर खाते, तरी वाळत जाते: म्हाताऱ्या मांजराचा थायरॉईड ओळखणे आणि सांभाळणे

कोकणातल्या घरात मांजराच्या प्रकृतीची परीक्षा एकाच गोष्टीवर होते, ती म्हणजे ते खाते की नाही. विळीवर मासे कापायला बसले की मांजर समोर येऊन बसले, बांगड्याचे डोके घेऊन परसात पळाले, ताटलीतला भात चाटूनपुसून संपवला, म्हणजे ते ठणठणीत आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. तरुण मांजराच्या बाबतीत हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. दहा वर्षांच्या पुढच्या मांजराच्या बाबतीत मात्र तो दगा देऊ शकतो, कारण उतारवयातल्या मांजरांना होणाऱ्या एका आजारात भूक कमी होण्याऐवजी वाढते आणि मांजर पोटभर खात असतानाच झिजत जाते. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्यामुळे होणारा हा आजार, म्हणजेच हायपरथायरॉईडिझम.

देवगडजवळच्या आमच्या घरातली मनी तेरा वर्षांची असताना तिला हा आजार झाला आणि तो ओळखायला आम्हांला चार-पाच महिने लागले. ती पूर्वी कधी न करणाऱ्या गोष्टी करू लागली होती. सुक्या मासळीच्या डब्याचे झाकण पाडून जवळा खाणे, भाताच्या टोपात तोंड घालणे आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास माजघराच्या मधोमध उभी राहून घोगऱ्या आवाजात लांबलचक ओरडणे, असे तिचे चालू होते. मी काळजी बोलून दाखवली की आत्या म्हणायची, "बरा खाता हा मा, मगे तुका कसली चिंता?" एके दिवशी ओटीवर ती मांडीत येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवताना तिचा एकेक मणका बोटांना वेगळा लागला. लस देताना जी मनी ४.१ किलो भरली होती, ती त्या दिवशी ३.२ किलो भरली. आपले हात रोज त्याच मांजरावरून फिरतात, म्हणूनच हळूहळू होणारी झीज त्यांना जाणवत नाही. या लेखात मी जे सांगणार आहे, त्यातला बराचसा भाग या एका चुकीतून शिकलेला आहे.

शरीरात नेमके काय घडते

मांजराच्या गळ्यात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडचे दोन लहान भाग असतात. त्यांतून स्रवणारी टी४ आणि टी३ ही संप्रेरके शरीराचा वेग ठरवतात, म्हणजे हृदय किती जोरात चालावे, अन्न किती लवकर जळावे, अंगात ऊब किती असावी, हे त्यांच्यावर अवलंबून असते. उतारवयात या ग्रंथीवर गाठी वाढतात आणि मेंदूकडून येणारा 'आता पुरे' हा संदेश न जुमानता संप्रेरके ओतत राहतात. त्यामुळे मांजराचे शरीर दिवसरात्र शर्यतीत धावल्यासारखे चालते, खाल्लेले अन्न जळून जाते आणि ते अपुरे पडले की शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. कर्करोगाच्या गाठी शंभरांत दोन-तीन मांजरांतच सापडतात, म्हणून 'गाठ' हा शब्द ऐकून धीर सोडू नये. बऱ्याच मांजरांत मात्र ग्रंथीचे दोन्ही भाग बिघडलेले असतात.

हा आजार मांजरांत स्वतंत्रपणे ओळखला गेला तो १९७९ च्या सुमारास, अमेरिकेत. डबाबंद खाद्य, आहारातल्या आयोडीनचे कमीजास्त प्रमाण, सोयाबीन, गाद्या-सोफ्यांच्या फोममध्ये आग लागू नये म्हणून घातली जाणारी रसायने अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला आहे, पण कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता आलेले नाही. म्हणून 'मी काय चुकीचे खाऊ घातले' असा बोल कोणी स्वतःला लावून घेऊ नये. माणसांत आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड आणि मांजराचा हा आजार यांत गल्लत करून मांजराच्या भातात मीठ वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मानू नये.

घरच्या घरी काय पाहावे

सगळ्यांत आधी वजन. दहा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मांजराचे वजन महिन्यातून एकदा करून वहीत लिहून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. बॅगा तोलायला वापरतात तो आकडीचा डिजिटल वजनकाटा पुरतो. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा प्रवासाच्या पिंजऱ्यात बसवावे, काट्याला टांगून आकडा पाहावा आणि रिकाम्या टोपलीचे वजन त्यातून वजा करावे. माणसाने मांजर घेऊन उभे राहायच्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज निसटतो, आणि आपल्याला पाहायचा असतो तो नेमका तेवढाच फरक. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम कमी होणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी होण्यासारखे आहे. खाणे पूर्वीइतकेच किंवा जास्त असताना लागोपाठ दोन महिने वजन उतरलेले दिसले, तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये.

वजनाच्या जोडीने बाकीच्या खुणा पाहाव्यात. भूक वाढते आणि खाल्ल्यावर घाईने उलटी होते. काहींना पातळ आणि भरपूर शौच होते. तहान आणि लघवी वाढते, पण आपल्याकडची मांजरे आवारात जाऊन येतात आणि विहिरीच्या पन्हाळीत, डोणीत, कुंडीखालच्या ताटलीत कुठेही पाणी पितात, त्यामुळे ही खूण शहरातल्यापेक्षा आपल्याकडे उशिरा लक्षात येते. पावसाळ्यात मांजर घरातच बसते तेव्हा वाटीतले पाणी मोजून ठेवणे आणि उरलेले पाहणे सोपे जाते. अंगावरचे केस विस्कटलेले, तेलकट, गुंता झालेले दिसतात, आणि नखे भराभर वाढून फरशीवर वाजू लागतात. अशा मांजराला उकाडा सोसत नाही. मे महिन्यात सगळीच मांजरे गारवा शोधतात, पण मनी श्रावणातही न्हाणीघराच्या ओल्या लादीवर पोट टेकून पडायची, तेव्हा मला ते विचित्र वाटायला हवे होते.

स्वभाव बदलतो. म्हातारे मांजर एकाएकी पिलासारखे धावू लागले, तर घरातल्यांना आनंद होतो आणि 'म्हातारपणी तरतरी आली' असे म्हटले जाते. ही तरतरी अस्वस्थ असते. मांजर एका जागी बसत नाही, हात लावला तर चिडते, रात्री ओरडते. याउलट मोजक्या मांजरांत आजार उलट रूप घेतो. ती मलूल होतात, खाणे सोडतात आणि कोपऱ्यात पडून राहतात. त्यामुळे म्हातारे मांजर खात नसले, तरी थायरॉईडची शक्यता लगेच बाद होत नाही.

गळा चाचपून पाहणे शिकून घ्यावे. मांजराला आपल्याकडे पाठ करून बसवावे, हनुवटी किंचित वर धरावी आणि अंगठा व तर्जनी श्वासनलिकेच्या दोन बाजूंना ठेवून कंठापासून छातीच्या खळगीपर्यंत अगदी हलक्या हाताने खाली आणावीत. निरोगी मांजरात तिथे बोटांना काहीच लागत नाही. वाढलेली ग्रंथी मूग, वाटाणा किंवा चिकूच्या बीएवढी, बोटाखालून सटकणारी लागते. काही वेळा ती स्वतःच्या वजनाने घसरून छातीत उतरलेली असते, म्हणून गाठ लागली नाही याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. जोर लावून दाबू नये आणि मांजर नको म्हणाले तर सोडून द्यावे.

हृदयाचे ठोकेही मोजता येतात. मांजर शांत बसलेले असताना डाव्या कोपराच्या मागे छातीवर तळवा ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि त्याला चारने गुणावे. घरात, निवांत असताना मिनिटाला २२० च्या वर ठोके पडत असतील, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असावा. तो सतत त्याहून जास्त राहत असेल, तर हृदयावर ताण आल्याची शंका घ्यावी.

यांतली कोणतीही खूण केवळ थायरॉईडचीच असते असे नाही. मधुमेहात मांजर खाऊनही वाळते. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की तहान वाढते. उंदीर-पाली खाणाऱ्या आपल्या मांजरांना जंत असतात, आणि आतड्यांची दीर्घकाळची सूज किंवा आतड्यांचा कर्करोग यांतही वजन उतरते. म्हणूनच घरच्या निरीक्षणाचा उपयोग निदान करण्यासाठी नसून वेळेवर डॉक्टरांकडे जाण्यासाठी आहे. जंताचे औषध देऊन दोन महिने वाट पाहण्यात आम्ही वेळ घालवला, तसे करू नये.

रक्ततपासणी आणि तिच्यातला एक सापळा

निदानासाठी रक्तातील एकूण टी४ तपासतात. बहुतेक आजारी मांजरांत ही एक तपासणी पुरते. कोकणातल्या तालुक्याच्या गावी पशुवैद्यकीय दवाखान्याचे बहुतेक काम गाईम्हशी आणि शेळ्यांचे असते, आणि प्राण्यांच्या रक्ताची वेगळी प्रयोगशाळा जवळपास नसते. त्यामुळे मांजराचे रक्त पुष्कळदा माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाते. तिथे टी४ मोजता येते, पण अहवालात आकड्याशेजारी छापलेली 'सामान्य मर्यादा' माणसाची असते. माणसाचे एकूण टी४ साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, तर मांजराचे साधारण १ ते ४. म्हणजे ज्या मांजराचे टी४ ८ आहे, ते उघडउघड आजारी असते, आणि माणसांच्या अहवालावर मात्र त्याच्यापुढे काहीही खूण येत नाही. मनीचा पहिला अहवाल असाच आला. आकडा होता ७.९, आणि लॅबमधून सांगितले गेले की सर्व काही नॉर्मल आहे. तो कागद घेऊन आम्ही समाधानाने घरी परतलो, आणि पुढचे पाच आठवडे तिची झीज चालू राहिली.

म्हणून अहवाल हातात आला की दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, आकडा कोणत्या एककात आहे. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात आणि तो आकडा सुमारे तेरापट मोठा असतो, त्यामुळे ४ मायक्रोग्रॅम म्हणजे तिथे ५० च्या थोडे वर होतात. दुसरी, मर्यादा मांजराची आहे की माणसाची. अहवाल पाहणाऱ्या पशुवैद्यांना रक्त माणसांच्या लॅबमध्ये तपासले आहे हे आवर्जून सांगावे. माणसांच्या लॅबमधील टीएसएचची (थायरॉईडला काम करायला सांगणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी मांजराच्या टीएसएचसाठी बनवलेली नसते, म्हणून त्या आकड्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये आणि त्यासाठी पैसेही घालवू नयेत.

लक्षणे स्पष्ट असूनही टी४ मर्यादेच्या वरच्या टोकाला, पण आत आले, तर आजार नाही असे समजू नये. टी४ दिवसागणिक थोडे वरखाली होते, आणि दुसरा एखादा आजार सोबत असेल तर तो टी४ खाली ओढतो. अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात किंवा फ्री टी४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले मोकळे टी४, तपासतात.

त्याच रक्तातून क्रिएटिनीन (मूत्रपिंडे नीट काम करीत नसली की रक्तात वाढणारा घटक), यकृताची तपासणी, साखर आणि पेशींची मोजणी करून घ्यावी, आणि लघवीही तपासावी. या आजारात एएलटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, बहुधा वाढलेली दिसते. ती थायरॉईडमुळे असेल तर उपचारांनी उतरते, म्हणून यकृताची वेगळी औषधे लगेच सुरू करण्याची घाई नसावी. रक्तदाब मोजण्याचे मांजरासाठीचे यंत्र जिथे असेल तिथे तो जरूर मोजून घ्यावा. वरचा आकडा १६० च्या पुढे सतत राहिला, तर डोळे, मूत्रपिंड आणि हृदय धोक्यात येतात, आणि त्यावर वेगळी गोळी द्यावी लागते.

मांजराला दवाखान्यात नेताना सकाळची गार वेळ निवडावी. या आजारातले हृदय आधीच दमलेले असते. भर उन्हात एसटीच्या प्रवासात घाबरलेले, धडपडणारे मांजर तोंड उघडून धापा टाकू लागते, आणि ते जिवावर बेतू शकते. टोपलीवर पातळ सुती कापड टाकावे, आत त्याच्या रोजच्या अंथरुणाचा तुकडा ठेवावा आणि रक्त घेताना मांजर फार झगडू लागले, तर डॉक्टरांना थांबण्याची विनंती करण्यास संकोच करू नये.

गोळ्या: रोजचे काम

आपल्या भागात सर्वांत व्यवहार्य उपचार गोळ्यांचा आहे. मेथिमॅझोल किंवा कार्बिमॅझोल ही औषधे ग्रंथीला संप्रेरक तयार करू देत नाहीत. गाठ तशीच राहते, फक्त तिचे उत्पादन रोखले जाते, म्हणून औषध जन्मभर चालते आणि बंद केले की काही दिवसांत आजार पुन्हा डोके वर काढतो. कार्बिमॅझोल शरीरात गेल्यावर त्याचे मेथिमॅझोल बनते. माणसांसाठीच्या कार्बिमॅझोलच्या गोळ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीवर मिळतात. दोन्ही औषधांचे मिलिग्रॅम सारखे धरू नयेत, कारण १० मिलिग्रॅम कार्बिमॅझोल म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम मेथिमॅझोल. मेथिमॅझोलची सुरुवात बहुधा १.२५ ते २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, अशी करतात, आणि आपल्या मांजराची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

इथे एक इशारा देणे भाग आहे. आज बहुतेक घरांत कोणी ना कोणी सकाळी उपाशीपोटी 'थायरॉईडची गोळी' घेते. ती गोळी बहुधा थायरॉक्सिनची असते, म्हणजे ज्यांची ग्रंथी कमी काम करते त्यांना बाहेरून दिलेले तेच संप्रेरक. मांजराला तिचा तुकडाही दिला, तर आगीत तेल ओतल्यासारखे होईल. 'थायरॉईड' हा शब्द सारखा असला, तरी हे दोन आजार एकमेकांच्या उलट आहेत, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आपल्यामागे मांजराला औषध देणाऱ्या माणसाला, समजावून सांगावी.

गोळी देण्याची हातोटी आठवडाभरात साधते. शिजवलेल्या सुरमईचा काटा नसलेला वाटाण्याएवढा गोळा करून त्यात गोळी दडवावी. आधी एक रिकामा गोळा द्यावा, मग गोळीचा आणि लगेच तिसरा रिकामा दाखवावा, म्हणजे तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता गिळला जातो. मनीला ही युक्ती दहा-बारा दिवस चालली आणि मग ती मासा चघळून गोळी जमिनीवर टाकू लागली. तेव्हा तिला जुन्या पंच्यात मानेपर्यंत गुंडाळून, तोंड उघडून, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी लागली. नंतर सुई नसलेल्या सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने हळू सोडले की गोळी घशात अडकत नाही. गोळी कुटून ताटलीतल्या भातात कालवू नये. ती कडू लागते, मांजर ते अन्न सोडते आणि किती औषध पोटात गेले ते कळत नाही. शिवाय औषधाची भुकटी हाताला लागणे चांगले नाही. गोळीचे तुकडे करताना हातमोजे घालावेत आणि घरात कोणी गरोदर असेल, तर तिने या गोळ्यांना आणि मांजराच्या लघवी-शौचाला हात लावू नये, कारण हे औषध पोटातल्या गर्भाला अपाय करू शकते. परदेशात कानाच्या आतल्या बाजूला चोळायचे याच औषधाचे मलम वापरतात. तसे मलम करून देणारी सोय सापडलीच, तर तिथेही हातमोज्यांचा नियम तितकाच कडक आहे.

दुष्परिणाम झालेच, तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. थोडी उलटी आणि भूक मंदावणे हे पुष्कळदा मात्रा कमी केल्यावर थांबते. पण मांजर तोंड आणि मान रक्त येईपर्यंत खाजवू लागले, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, कुठूनही रक्त येऊ लागले किंवा तापाने ते गळून गेले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटणे ही क्वचित, पण गंभीर गोष्ट असते, आणि ती रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी टी४, क्रिएटिनीन आणि पेशींची मोजणी पुन्हा करावी. मात्रा बदलली की तेवढ्याच अंतराने पुन्हा करावी, आणि घडी बसल्यावर तीन ते सहा महिन्यांनी करीत राहावी. टी४ मांजराच्या मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात, साधारण १ ते २.५ च्या दरम्यान, असावे हे ध्येय असते. गोळी दिल्यानंतर किती तासांनी रक्त घेतले याने विशेष फरक पडत नाही, मात्र आधीच्या दिवसांत एकही गोळी चुकलेली नसावी.

मूत्रपिंडाची गोष्ट इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण याच टप्प्यावर अनेक जण घाबरून उपचार सोडतात. थायरॉईड वाढलेला असताना हृदय रक्त जोरात ढकलत असते, त्यामुळे मूत्रपिंडांतून जास्त रक्त जाते आणि त्यांचा जुना बिघाड झाकला जातो. शिवाय मांजराचे स्नायू झडलेले असल्याने क्रिएटिनीनही फसवे कमी दिसते. उपचारांनी वेग खाली आला की तो झाकलेला बिघाड उघडा पडतो आणि क्रिएटिनीन वाढते. 'गोळीने किडनी गेली' असे तेव्हा वाटते, पण बिघाड आधीपासून असतो आणि थायरॉईड तसाच सोडून दिला तर मूत्रपिंडांचे अधिकच नुकसान होते. म्हणूनच सुरुवात कमी मात्रेने करतात. दुसऱ्या बाजूने, मात्रा जास्त होऊन टी४ मर्यादेच्याही खाली गेले, तर तेही मूत्रपिंडांना घातक असते, आणि अशा वेळी मात्रा कमी करणे हाच इलाज असतो. मनीचे क्रिएटिनीन दीड महिन्यात वाढले. डॉक्टरांनी गोळी पाऊण केली आणि पाणी जास्त पोटात जावे म्हणून उकडलेल्या माशाचे बिनमिठाचे पाणी रोज द्यायला सांगितले.

खाणे आणि इतर उपचार

आयोडीन अत्यंत कमी असलेले खास खाद्य देऊनही हा आजार आटोक्यात ठेवता येतो, कारण आयोडीनशिवाय थायरॉईडचे संप्रेरक तयारच होत नाही. पण त्याची अट अशी की मांजराने त्या खाद्याखेरीज दुसरे काहीही, अगदी बोंबलाचे शेपूटही, खाता कामा नये. समुद्राची मासळी आयोडीनने भरलेली असते. ज्या घरात रोज मासे येतात, शेजारच्या खळ्यात मांदेली वाळत पडलेली असते आणि मांजर मोकळे हिंडते, तिथे हा उपाय टिकणार नाही, असे माझे मत आहे. घरात कोंडून ठेवता येणाऱ्या आणि गोळी अजिबात न सोसणाऱ्या मांजरासाठी तो विचारात घ्यावा. नुसते मासे बंद केल्याने मात्र आजार बरा होत नाही, आणि गोळ्या चालू असलेल्या मांजराला मासे तोडण्याचे कारण नाही. झडलेले स्नायू भरून यायला त्याला मासे, कोंबडी, अंडे असे प्रथिनांचे खाणे लागते. मूत्रपिंडांचा त्रास असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. खारवलेली सुकी मासळी बंद करावी, आणि कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नये, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

शस्त्रक्रियेने बिघडलेली ग्रंथी काढून टाकता येते. त्याआधी काही आठवडे गोळ्या देऊन टी४ आणि हृदय ताळ्यावर आणावे लागते, नाहीतर भूल झेपत नाही. थायरॉईडला चिकटूनच कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथी असतात. त्यांना धक्का लागला तर पुढच्या काही दिवसांत मांजराचे स्नायू फडफडतात आणि झटके येऊ शकतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रक्तातील कॅल्शियमवर नजर ठेवावी लागते. एका बाजूची ग्रंथी काढल्यावर दुसऱ्या बाजूला आजार पुढे उद्भवू शकतो, हेही आधी विचारून घ्यावे. हे काम अनुभवी शल्यचिकित्सकाचे आहे. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि मुंबई-पुण्यात मांजरांचे खास दवाखानेही आहेत. किरणोत्सारी आयोडीनचे एकच इंजेक्शन बहुतेक मांजरांना कायमचे बरे करते आणि जगात तोच सर्वोत्तम उपचार मानला जातो, पण त्यासाठी मांजराला काही दिवस वेगळे ठेवण्याची परवानाधारक व्यवस्था लागते, आणि आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाही.

तातडीच्या खुणा

काही खुणा दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मांजर एकाएकी भिंतीवर आपटू लागले आणि डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहिल्या, तर वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटलेला असू शकतो, आणि लवकर उपचार मिळाले तरच दृष्टी परतण्याची थोडी आशा असते. किंचाळून मागचे पाय ओढू लागले आणि ते पाय गार लागले, तर हृदयातली गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. तोंड उघडून धापा टाकणे, मान छातीकडे लोंबणे, सतत उलट्या होऊन चोवीस तास काहीही न खाणे याही तशाच खुणा आहेत. जवळ पशुवैद्य नसतील, तर फोनवर बोलत-बोलतच निघावे.

पावसाळ्याची तयारी

आजार ताब्यात ठेवण्यात कोकणात खरा अडथळा जून ते सप्टेंबर येतो. घाट बंद होतात, औषधांचा पुरवठा थांबतो, दोन-दोन दिवस वीज नसते आणि लॅबपर्यंत पोचणे कठीण होते. मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मनीची रक्ततपासणी उरकून घेतो आणि दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवतो. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नयेत. इथल्या दमट हवेत त्या ओलसर होतात, म्हणून पाकिटासकट घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब ठेवाव्यात. एखादी गोळी द्यायची राहिली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये, नेहमीचीच द्यावी. गावातल्या दवाखान्यातल्या आणि शहरातल्या डॉक्टरांचे फोन क्रमांक, गोळीचे नाव, मात्रा, शेवटचे टी४, क्रिएटिनीन आणि वजन हे सगळे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे, म्हणजे आपण घरी नसताना शेजाऱ्यालाही ते वाचून दाखवता येते. मनी आता सोळाव्या वर्षात आहे आणि तिच्या वहीत मागच्या महिन्याची नोंद ३.७ किलो अशी आहे.